निळ्या टिंबांचा हिशेब

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

पुढच्या महिन्यात तुम्ही इकडे राहायला येताय. 'घरून काम म्हणजे आरामच की,' असं आई फोनवर म्हणाली, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

अर्धशिशीवाल्या डोक्याला बदल सोसत नाहीत. झोप कमी-जास्त, जेवायला उशीर, उन्हातली स्कूटर, शेजारच्याचा उग्र सेंट, लुकलुकणारी ट्यूब. यातलं एखादं निभावतं, तीन एकत्र आली की ठणका सुरू. ऑफिसात यातलं जवळजवळ काहीच आपल्या हातात नसतं, घरी बरंचसं असतं. घरून काम मागितलं ते एवढ्यासाठी.

ही सवलत हक्काची नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अर्धशिशी नाही, त्यामुळे सगळी भिस्त डॉक्टरांच्या पत्रावर. 'मायग्रेन आहे, विश्रांती द्यावी' एवढंच लिहिलेलं पत्र कुचकामी. त्यावर दोन दिवसांची रजा मिळते आणि विषय मिटतो. महिन्यातून किती दिवस दुखतं, तेव्हा काय जमत नाही आणि नेमकं काय हवं, हे त्यात लागतं: आठवड्यातले ठरलेले तीन दिवस घरून, दोन मीटिंगांमध्ये १५ मिनिटं मोकळी, दुखू लागलं तर दोन तास काम बंद आणि ते संध्याकाळी भरून देणं. दोन तास अशासाठी, की गोळीचा पूर्ण गुण यायला साधारण तेवढा वेळ जातो.

टेबलाची जागा हलवू नका. खिडकी बाजूलाच हवी; समोर आली तर डोळे दिपतात, पाठीमागे गेली तर स्क्रीनवर चमकते. लॅपटॉप स्टँडवर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हातभर लांब. मग कीबोर्ड वेगळा लागतोच, नाहीतर खांदे वर चढतात, मान आखडते आणि तिथून कळ डोक्यात जाते. स्क्रीनचा उजेड जोखायला शेजारी कोरा कागद धरायचा. स्क्रीन दिव्यासारखी वाटली तर उजेड कमी करायचा. आणि बाबा, काळजीपोटी दिवसभर पडदे ओढून ठेवू नका. सतत अंधारात बसलं की उजेड आणखीच खुपायला लागतो. अंधार फक्त ठणक्यापुरता.

आई, मिरचीची फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लाव, उदबत्ती गॅलरीत. जेवण एक वाजता म्हणजे एक वाजता. चहा दोन कप, रविवारीही दोनच. रोजचा चहा एकदम तुटला तरी डोकं धरतं. सुट्टीच्या दिवशी 'झोपू दे तिला' म्हणून उशिरापर्यंत झोपू देऊ नकोस, आणि संकष्टी धरायचा आग्रह नको.

आता गोळ्या. दूधवाल्याचा खाडा तू कालनिर्णयवर मांडतेस ना, तसंच. दुखलं त्या तारखेला लाल फुली, गोळी घेतली त्या तारखेला निळं टिंब. लक्ष फुल्यांपेक्षा टिंबांवर ठेवायचं. साधी वेदनाशामक महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीवरची खास गोळी) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. म्हणून आठवं टिंब पडलं की डॉक्टरांना फोन. पण ज्या दिवशी घ्यायची त्या दिवशी लवकर घ्यायची, दुखणं अंगावर काढायचं नाही. अर्धशिशीत पोटाचं काम मंदावतं, मळमळतं, आणि उशिरा घेतलेली गोळी रक्तात उतरायलाच वेळ लावते.

बाबा, ड्रॉवरमधली सुमाट्रिप्टान तुम्ही चुकूनही घेऊ नका. ती रक्तवाहिन्या आकसवते. हृदयाचा त्रास किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर धोक्याची.

आणि हे दोघांसाठी. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी बाम चोळून अंगावर काढू नका. कानशील हात लावला की दुखतं, केस विंचरताना टाळू दुखते, घास चावताना जबडा भरून येतो, नजर अंधुक होते: यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. रक्तवाहिनीला सूज असेल तर दृष्टी जाऊ शकते, आणि वेळेत उपचार मिळाले तर ती वाचते. येताना बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर आणा.

तुमची लेक