पैशाच्या शिस्तीचा वर्ग घ्या, पण तो कर्जमुक्तीच्या दारात आडवा घालू नका

मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थ व कंपनी व्यवहार मंत्री, यांस

सप्रेम नमस्कार.

आमच्या गल्लीत शिलाईकाम करणाऱ्या एका बाईंची वही माझ्यासमोर आहे. मुलीच्या शाळेच्या वहीची मागची पानं. सोमवार ८५०, बुधवार ६२०, शुक्रवार ७००. आठवड्याला २,१७० रुपयांचे हप्ते आणि मशीनवर महिन्याची कमाई नऊ-दहा हजार. पहिलं कर्ज नवऱ्याच्या ऑपरेशनला काढलं, दुसरं पहिल्याचे हप्ते भरायला, तिसरं दुसऱ्याचे. बेरीज त्यांची एकदाही चुकलेली नाही.

म्हणून कर्जात बुडालेल्यांना आधी आर्थिक शिस्त शिकवा, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. अमेरिकेने २००५ च्या कायद्याने ही सक्ती केली. नादारीच्या, म्हणजे कर्ज फेडणं शक्य नाही असं कोर्टाला सांगण्याच्या, अर्जाआधीच्या १८० दिवसांत समुपदेशन आणि अर्जानंतर पैशाच्या व्यवहाराचा वर्ग. या दुसऱ्याचं प्रमाणपत्र दिलं नाही, तर सहसा कर्जातून सुटका नाही. २००७ मध्ये तिथल्या संसदेच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितलं, की समुपदेशनाला येईपर्यंत बहुतेकांपुढे नादारीशिवाय फारसा मार्गच उरलेला नसतो.

आपल्याकडे तर दारच बंद आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठी तिसरा भाग आहे, पण डिसेंबर २०१९ पासून तो लागू आहे फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. बाकीच्यांनी मुंबई, कोलकाता, चेन्नईत १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा, इंग्रजांच्या वेळचा कायदा धरून कोर्टाची पायरी चढायची. संहितेत गरिबांसाठी 'नव्या सुरुवाती'ची, म्हणजे छोटं कर्ज माफ होण्याची, सोय लिहिली आहे, पण त्यासाठी वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत हवं आणि कर्ज ३५ हजारांच्या आत. महिन्याला पाच हजार! आमच्या शिलाईवाल्या बाई उद्या तो भाग लागू झाला तरी त्यात बसणार नाहीत.

तेव्हा मागणी सरळ आहे. तिसरा भाग सर्वांना लागू करा आणि या मर्यादा आजच्या महागाईला धरून वाढवा.

शिकवण्याला माझा विरोध नाही. या बाईंना खरंच काही गोष्टी ठाऊक नव्हत्या. रात्री साडेआठला फोन वाजला की त्या मुलीला गप्प बसवून दिवा मालवायच्या. सूक्ष्म कर्जाच्या, म्हणजे त्यांच्यासारख्यांना तारणाशिवाय मिळणाऱ्या छोट्या कर्जाच्या, वसुलीसाठी संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम त्यांना माझ्याकडून कळला. घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाता कामा नये, हाही त्यातलाच नियम. तिसरं कर्ज देताना तो कुणीच पाहिला नाही. नवऱ्याची मजुरी ऑपरेशननंतर बंदच आहे, म्हणजे घराचं उत्पन्न तेवढं मशीनचंच.

हे शिक्षण पहिला हप्ता चुकेल त्याच आठवड्यात मिळायला हवं. फुकट, मराठीत, आणि ते घेतलं नाही म्हणून कुणाचा अर्ज अडता कामा नये. त्यासाठी मशीन बंद ठेवून बँकेच्या आर्थिक साक्षरता केंद्रापर्यंत जायचं म्हणजे एका दिवसाची कमाई गेली. वसुलीवाला येतो, तसा शिकवणारा माणूसही आमच्या गल्लीत यावा.

आपली विश्वासू,
एका बचत गटाची सचिव, जि. सातारा