प्रश्नावली भरून घ्यायला आम्ही, प्रश्न ठरवायला कोण? उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: शिक्षणशास्त्रात संशोधन करणाऱ्या दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त स्त्रियांच्या नेमणुका व फेलोशिप यांबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. आपल्यामागे कामाचा व्याप मोठा आहे याची जाणीव आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

गेल्या आठवड्यात मराठवाड्यातल्या एका अनुदानित अध्यापक महाविद्यालयात तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे मिळणाऱ्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या जिल्ह्यात कुठेच तास मिळणार नाहीत. माझ्याकडे एम.एड. आहे, प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा नेट आहे, शिक्षणशास्त्रातली पीएच.डी. आहे. टेबलावर ठेवलेला प्रबंध कुणी उघडलासुद्धा नाही. पहिला प्रश्न आला, ‘गाव कोणतं?’ सांगितलं. दुसरा, ‘गावात घर कुठल्या बाजूला?’ माझं आडनाव चार-पाच जातींत आहे. त्यावरून अंदाज लागेना म्हणून ही चौकशी. मग यजमान काय करतात, मूल केवढं आहे, ते आजारी पडलं तर तास कोण घेणार. माझ्यानंतर आत गेलेल्या मुलाला यातलं काहीही विचारलं गेलं नाही, हे त्यानंच बाहेर येऊन सांगितलं. निघताना एक गृहस्थ जिन्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, ‘मॅडम, पुढे कायम जागा निघेल तेव्हा संस्थेच्या इमारत निधीचाही विचार करून ठेवा.’ तो आकडा इथे लिहिला तर माझ्या आईला चक्कर येईल.

माझी आई ऊसतोड कामगार होती. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाडी किंवा ट्रॅक्टर निघायचा तो थेट चैत्रात परत यायचा. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली की नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. त्या कोयत्याच्या मागे धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फडात फिरणारी, कोपीपुढच्या, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीपुढच्या चुलीवर भाकरी थापणारी दहा-बारा वर्षांची मुलगी कुठल्याच हिशोबात येत नाही. मी तीच मुलगी होते. पीएच.डी.साठी मी याच मुलींच्या शाळेचा विषय घेतला. हा विषय मला कुठल्याही ग्रंथालयात शोधावा लागला नाही.

संशोधनाआधी मी एका संस्थेसाठी क्षेत्र-अन्वेषक म्हणून काम केलं. म्हणजे गावोगाव हिंडून प्रश्नावल्या भरून आणायच्या. एका गावात हजेरीपट पाहिला. जानेवारी महिन्यात एका मुलीच्या नावापुढे ओळीनं हजेरी लागलेली. ती मुलगी तेव्हा सांगलीकडच्या फडात होती. तिच्या आजीनंच सांगितलं. मी वर कळवलं की हजेरीपटावर विसंबू नका, घरी जाऊन विचारा, मुलगी पहाटे किती वाजता उठते, पाणी कोण भरतं, धाकट्याला कोण सांभाळतं, हे प्रश्न प्रश्नावलीत घाला. उत्तर आलं की साचा ठरलेला आहे, बदलता येणार नाही. अहवाल छापून आला तेव्हा त्यात हजेरीचा तोच आकडा होता, हजेरीपटावरचा. आभाराच्या पानावर आमचा उल्लेख होता, ‘सर्व क्षेत्रीय कार्यकर्त्या’. नावं नव्हती.

साहेब, मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. या राज्यात वंचितांच्या शिक्षणावर जे संशोधन होतं त्यासाठी माहिती आमच्या घरातून येते आणि ती गोळा करायला आमच्याच बायका जातात. काय विचारायचं आणि त्याचा अर्थ काय लावायचा, हे ठरतं त्या खोलीत मात्र आम्हाला खुर्ची नाही. आणि ती खुर्ची देणं न देणं तुमच्या विभागाच्या हातात आहे.

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयांचा विषय विधिमंडळात गाजला. समिती नेमली गेली. 82,309 बायकांच्या पाहणीत 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्या तेरा हजार बायकांच्या मुलींच्या शाळेचं पुढे काय झालं? आई आजारी पडली की चूल कुणाच्या अंगावर येते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. तरी मला ते मोजलेलं कुठे सापडलं नाही, कारण ते मोजायचं हे सुचणारी बाई त्या टेबलाशी नव्हती.

आता फेलोशिपचं. विद्यापीठात नोंदणी झाल्यावर फेलोशिप मिळेल या भरवशावर मी विनाअनुदानित डी.एड. कॉलेजमधली नोकरी सोडली. पैसे आले ते इतक्या उशिरा की तोवर सासरचं सोनं सावकाराकडे गेलं होतं. दर सहामाहीला प्रगती अहवाल, हजेरीचा दाखला, घरभाड्याचा करारनामा, मार्गदर्शकांची सही, विभागप्रमुखांची सही, पुन्हा त्रुटीचं पत्र. गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात मी एका त्रुटीसाठी एसटीनं पुण्याला गेले. ‘मूळ प्रत हवी, स्कॅन चालणार नाही’ असं सांगितलं होतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. नियमात संशोधिकेला 240 दिवसांची बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची रजा आहे, मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे. नियम चांगला आहे. तो मी छापून नेला तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी तो पहिल्यांदाच पाहिला होता.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. आझाद मैदानावर संशोधक विद्यार्थी उन्हातान्हात उपोषणाला बसले ते आपण पाहिलंच असेल. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी भर सभागृहात विचारलं की पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार आहेत. नंतर दिलगिरी आली. पण त्या रात्री माझ्या सासऱ्यांनी टीव्हीवर ते ऐकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तेच वाक्य मला घरात ऐकावं लागलं. मंत्र्याच्या तोंडची एक ओळ खेड्यापाड्यातल्या किती पोरींचं शिक्षण थांबवते, याची तुम्हाला कल्पना आहे का? त्याच महिन्यात फेलोशिपसाठी चाळणी परीक्षा घेतली, तर तिथे प्राध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेची, 2019 च्या सेटचीच प्रश्नपत्रिका वाटली गेली. पोरापोरींनी बहिष्कार टाकला. यात जबाबदारी कुणाची ठरली?

प्राध्यापक संघटना सांगतात, राज्यातल्या विद्यापीठ-महाविद्यालयांत अकरा-बारा हजार जागा रिकाम्या आहेत. 2025 मध्ये आपल्या विभागानं सांगितलं की पाच हजारांहून जास्त जागांच्या भरतीला मान्यता मिळाली. माझ्या मैत्रिणींनी त्या दिवशी पेढे वाटले. तेव्हापासून आम्ही रोज वर्तमानपत्रातल्या जाहिराती चाळतो. आमच्या विषयाची जाहिरात आली तर एकच पद असतं. बिंदुनामावलीत, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला हे ठरवणाऱ्या क्रमवारीत, आमची पाळी येईपर्यंत आम्ही निवृत्तीच्या वयाला पोचू. उरतात विनाअनुदानित बी.एड. कॉलेजं. तिथे माझं नाव मान्यताप्राप्त प्राध्यापक म्हणून कागदावर होतं, पगार बँकेत जमा व्हायचा आणि त्यातला मोठा हिस्सा रोखीनं परत द्यावा लागायचा. तपासणीच्या आदल्या दिवशी फोन यायचा, ‘मॅडम, उद्या चांगली साडी नेसून या.’

तासिका तत्त्वाचं गणितही तुम्हीच ठरवलेलं आहे. 2023 च्या शासन निर्णयाप्रमाणे पदवीच्या एका तासाला 900 रुपये. आठवड्याला नऊ तासांची मर्यादा. सगळे तास मिळाले तरी महिन्याचे बत्तीस हजार, तेही वर्षातले आठ-नऊ महिने, तेही बिल कधी निघेल त्यावर. यूजीसीनं 2019 मध्येच अतिथी प्राध्यापकाला तासाला 1,500 आणि महिन्याला कमाल 50,000 ठरवले. शेजारच्या खोलीत तेच शिकवणारा कायम सहायक प्राध्यापक 57,700 च्या मूळ वेतनावर सुरुवात करतो. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी शेजाऱ्यांच्या शेतात कापूस वेचून शिल्लक राहिलेल्या पऱ्हाट्या उपटायला जाते. डॉक्टर ही पदवी बांधावर सांगत नाही, कारण मग मुकादम बाई मजुरी कमी देते.

मुली मला फोन करतात. लातूरहून, नांदेडहून, नंदुरबारच्या एका पाड्यावरून. ताई, पीएच.डी. करू का? नको म्हणायला जीभ रेटत नाही, हो म्हणायलाही भीती वाटते. मग मी जे सांगते ते तुम्हीही ऐका, कारण तुमच्या व्यवस्थेत टिकण्याचे हे धडे आहेत. फेलोशिपचा पहिला हप्ता खात्यात पडल्याशिवाय नोकरी सोडू नकोस. जो कागद देशील त्याची पोच घे, शिक्क्यासकट. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या पूर्वीच्या विद्यार्थिनींना एकटीनं जाऊन भेट. सरांच्या मुलीच्या लग्नात वाढायला आणि त्यांच्या नावाचा लेख लिहून द्यायला नाही म्हणायचं आधीच ठरवून ठेव, ऐन वेळी नाही म्हणणं जमत नाही. लेखावर तुझं नाव पहिलं असेल हे काम सुरू करण्याआधी ठरव. क्षेत्रकार्याला गेलीस तर शेवटच्या एसटीची वाट पाहू नको, अंगणवाडी सेविकेशी आधी ओळख कर, तिच्या घरी मुक्काम होतो. इंग्रजी रोज दोन पानं वाच, अर्थ लागो न लागो. नियतकालिकानं पैसे मागितले तर लेख परत घे. आणि एकटी राहू नकोस. आमच्या विद्यापीठातल्या सहा-सात जणी आम्ही रविवारी फोनवर एकमेकींच्या प्रबंधांची प्रकरणं वाचतो. माझा प्रबंध त्यामुळेच पुरा झाला, कुठल्या कार्यशाळेमुळे नाही.

यातला एकही सल्ला संशोधन कसं करावं याबद्दल नाही, हे लक्षात येतंय का तुमच्या? सगळे सल्ले जीव वाचवण्याचे आहेत. ज्या वयात सवर्ण घरातली माझी सहाध्यायी परदेशातल्या परिषदेला निबंध वाचत होती, त्या वयात मी पोचपावत्या जपत होते.

शैलजा पाईक यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. येरवड्याच्या वस्तीत वाढल्या, पुणे विद्यापीठात शिकल्या, दलित स्त्रियांच्या शिक्षणाचा इतिहास अभ्यासला. आज त्या अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात प्राध्यापक आहेत. 2024 मध्ये त्यांना मॅकार्थर फेलोशिप मिळाली, आठ लाख डॉलरची. आमच्या व्हॉट्सॲपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मला आनंद झाला आणि संतापही आला. येरवड्यापासून विद्यापीठाच्या मुख्य इमारतीपर्यंत अंतर किती? त्या बाईंच्या अभ्यासाचं चीज व्हायला सातासमुद्रापार का जावं लागलं? आणि जी जाऊ शकत नाही तिचं काय? परदेशी शिष्यवृत्तीचीही तीच कथा. केंद्राच्या योजनेत 2025 साली 106 जण निवडले आणि पत्रं सुरुवातीला फक्त 40 जणांना, बाकीच्यांना पैसे उपलब्ध झाले तर. त्याआधी 2022 पासून त्याच योजनेत भारतीय समाजावर संशोधन करायला परदेशी जाण्याची मुभाच काढून घेतली. म्हणजे आमच्या जगण्याचा अभ्यास आम्ही बाहेर जाऊन करायचा नाही, आणि इथे करायला जागा नाहीत.

1855 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. मांग-महारांच्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसतं, हे तिनं लिहिलं. ते कुणी सांगून नाही, पाहून लिहिलं. दरवर्षी 3 जानेवारीला तुम्ही सावित्रीबाईंच्या पुतळ्याला हार घालता, विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. वीसच्या आत पट असलेल्या 14,783 शाळांची यादी तुमच्याच सरकारनं काढली, त्या एकत्र करून समूह शाळांचं धोरण आणलं. त्या शाळा गेल्या तर तांड्यावरची, पाड्यावरची पोरगी ओढा ओलांडून पाच किलोमीटर जाईल का, हे ठरवायला त्या तांड्यातली एक तरी बाई बोलावली होती का? उच्च शिक्षणात मुलींची फी माफ केलीत, चांगलं केलंत. शिकून वर आलेल्या मुलीला वर उभं राहायला जागा कोण देणार? शिकत असताना आत्महत्या केलेल्या रोहित वेमुलाच्या आणि पायल तडवीच्या आईला न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. भेदभावाविरुद्धचे यूजीसीचे नियम 2012 पासून होते. आमच्या कॉलेजमध्ये समान संधी कक्षाची पाटी आहे, आत जुनी कपाटं ठेवली आहेत.

मागण्या थोड्या आहेत. फेलोशिपची रक्कम दरमहा, वेतनासारखी ठरलेल्या तारखेला जमा करा. निवड समितीच्या मुलाखतींचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं करा, आणि ते उमेदवाराला मागितल्यावर मिळालं पाहिजे. अध्यापक महाविद्यालयांतली अशी एकेकटी पदं एकत्र मोजून आरक्षण लावण्याचा निर्णय घ्या. तासिकेचा दर यूजीसीच्या बरोबरीनं आणा. आणि शाळांबद्दलची, मुलींच्या गळतीबद्दलची जी समिती राज्य नेमेल तिच्यात त्या समाजातल्या, शिक्षणात पीएच.डी. केलेल्या स्त्रिया सदस्य म्हणून घ्या, निमंत्रित म्हणून नाही. अशा बाई सापडत नाहीत असं कुणी सांगितलं तर माझ्याकडे यादी आहे.

‘आपले निवेदन संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आले आहे’ असं छापील उत्तर पाठवू नये. अशी पत्रं माझ्या फायलीत पुष्कळ आहेत.

आपली,
शिक्षणशास्त्रातली एक संशोधिका
बीड जिल्हा