‘ओजिचान’ म्हणजे काका

महोदय,

जपानी चित्रपटाची मराठी सबटायटल्स इंग्रजीवरून केली, की तिथेच पाणी मुरते. दिग्दर्शक ताकेशी कितानोंचा ‘किकुजिरो’ (१९९९) घ्या. आईच्या शोधात निघालेला छोटा मासाओ सोबतच्या उडाणटप्पू गृहस्थाला सबंध प्रवासभर ‘ओजिचान’ म्हणतो. इंग्रजीमार्गे त्याचे ‘मिस्टर’, मग ‘साहेब’ होण्याचा धोका. सरळ ‘काका’ लिहावे. संवादाआधी कंसात बोलणाऱ्याचे नाव देण्याची सवय तर इथे घातकच! मुलगा काकांचे नाव विचारतो ते अगदी शेवटी. उत्तर येते ‘किकुजिरो’, पाठोपाठ ‘बाकायारो!’ त्याला ‘गाढवा’ चालेल. ‘मूर्खा’ फार पुस्तकी. सबटायटलच्या ओळी एका वेळी दोनच ठेवाव्यात. आणि संगीतकार जो हिसाइशींचा पियानो वाजत असताना ‘(संगीत)’ असे कृपया लिहू नये.

– एक वाचक, पुणे