नराराला जाताना पंचांगही पाहा

संपादक महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत द्वारका-सोमनाथला जाणारे अनेकजण जामनगरजवळच्या नराराला वाट वाकडी करतात. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा (स्थापना १९८२) हा भाग. इथे ओहोटीच्या वेळी बोटीविना, चालत प्रवाळ पाहता येतात. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम खराच, पण महिन्यापेक्षा तिथी महत्त्वाची. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी पुरेसे उतरत नाही, मग चिखल तुडवून परत यायचे. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, म्हणजे भरती आणि ओहोटी दोन्ही मोठ्या; तेव्हा ओहोटीला खडक दूरवर उघडे पडतात. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून ती उजेडात येईल असाच दिवस धरावा आणि पाणी उतरत असतानाच आत शिरावे. परतीचे पाणी आधी आपल्या मागच्या, किनाऱ्याकडच्या सखल भागात भरते. गुडघ्याखालच्या डबक्यांत समुद्रफुले (फुलासारखे दिसणारे सागरी प्राणी), तारामासे आणि नशीब असेल तर दगडाच्या रंगाचा होऊन बसलेला ऑक्टोपस दिसतो. चपला चिखलात अडकतात. जाड तळव्याचे, नाडीचे जुने बूट घालावेत. प्रवाळावर पाय मात्र नको: तो दगड नाही, जिवंत आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात काही दिसत नाही, तो विचारच सोडावा.

— एक वाचक, रत्नागिरी