प्रेशर नसताना प्रेशरची गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत थंडीतल्या आरोग्यावर लेख आला होता. सांधे, खोकला, कातडी फुटणं, सगळं होतं. दिवसभर बर्फात हात घालणाऱ्या बायकांची बोटं मात्र राहून गेली, म्हणून हे पत्र.

माझी जाऊ हर्णै बंदरावर मासळी विकते. लिलावात घेतलेली मासळी बर्फात दाबायची, गिऱ्हाईक आलं की उपसायची. दोन वर्षांपूर्वी तिची बोटं पांढरी पडायला लागली. पांढरी म्हणजे खडूसारखी, दोन पेरांपर्यंत, आणि तिथे रेघ मारल्यासारखी हद्द. मग निळी, मग लाल होऊन ठणकायची. सुटे देताना नाणं चिमटीत आहे की पडलं, हे तिला बघूनच कळायचं. कुणी म्हणालं रक्त कमी आहे, कुणी म्हणालं बाहेरचं बघा.

डॉक्टरांनी 'रेनॉड' सांगितलं: गारठ्याने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या नको तितक्या आवळतात. कधी यामागे कातडी कडक करणारा आजार दडलेला असतो, म्हणून रक्तही तपासलं. तसं काही निघालं नाही. निफेडिपिन लिहून दिली. औषधाच्या दुकानात पुडी हातात देताना सांगितलं, "ही बीपीची." जावेचं प्रेशर अगदी व्यवस्थित! त्यात कुणीतरी 'कॅल्शियम रोखणारी गोळी' असं सांगितलं. हाडं ठिसूळ होतील या धास्तीने तिने आठवड्यात गोळ्या फडताळात टाकल्या.

रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो. त्याच्या पेशींत कॅल्शियम शिरलं की तो आवळतो. ही गोळी ती वाट अडवते, मग वाहिनी सैल होते. प्रेशर त्यानेच उतरतं, हृदयाला रक्त कमी पडून येणारी छातीतली कळ त्यानेच कमी होते, बोटांत रक्तही त्यानेच पोचतं. हाडं ठिसूळ करण्याशी तिचा संबंध नाही. पण हे आम्हाला दुसऱ्या खेपेला, विचारल्यावर कळलं. तोवर एक हिवाळा गेला.

सासूबाईंचं उलट. त्यांना प्रेशर आहे आणि गोळी त्याच कुळातली, अ‍ॅम्लोडिपिन. घोटे सुजले तेव्हा वाडीत थेट हत्तीरोगापर्यंत चर्चा पोचली. निघाली ती गोळीचीच सूज. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, सूज ओसरली. गोळी सुरू करतानाच कुणी बोललं असतं तर?

माझं म्हणणं एवढंच: गोळी कशासाठी आणि काय त्रास होऊ शकतो, या दोन ओळी पुडीवर मराठीत लिहून द्या. 'बीपीची' हे एकच नाव सगळ्यांना पुरत नाही. याची दुसरी बाजूही पाहिली आहे. जावेची बोटं सुधारलेली बघून शेजारीण सासूबाईंची अ‍ॅम्लोडिपिन मागायला आली होती! प्रेशर आधीच कमी असलेल्या बाईला अशा गोळीने भोवळ यायची.

जाऊ आता रबरी हातमोजे घालते, आत सुती. मशेरी सोडायलाही सांगितलंय, तंबाखूने वाहिन्या आणखी आवळतात म्हणून. तेवढं अजून जमलेलं नाही. पहाटे चुलीपाशी बसून ती लावतेच, आणि मी काही बोलले की मोजे दाखवते.

आपली,
एक वाचक, हर्णै (ता. दापोली)