बाबा, इथे गिरणी ‘धावते’

ब्रॅडफर्ड, इंग्लंड,
१२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गिरणीला नवा पट्टा बसवल्याचं आईकडून कळलं. तुम्ही फोनवर विचारलं होतं, वॉर्डात इंग्रजी समजतं का. समजतं, पण ‘रन’ या एका शब्दाने मला महिनाभर जागं ठेवलं. आपल्याला रन माहीत तो क्रिकेटमधला. इथे सलाइन आठ तासांत ‘रन’ करायचं, ताप आला की पेशंट टेंपरेचर ‘रन’ करतो, हातमोजे संपले की ‘रन आउट’. पहिल्याच आठवड्यात ड्यूटी बदलताना मला एका आजींबद्दल सांगितलं, “शी हॅज द रन्स.” आजींना तर उठून बसवत नव्हतं! मी लगेच विचारून घेतलं, म्हणून बरं. त्यांना जुलाब होत होते.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवलेत. एक संपादक त्यावर नऊ महिने बसले होते. वाचल्यावर मला धीर आला.

मग रात्रपाळीत लक्षात आलं, की इंग्रज जिथे धावतात तिथे आपण बहुतेक वेळा चालतो. घड्याळ चालतं, दुकान चालतं, शाळा चालते, आई घर चालवते. पाणी आणि नाक मात्र आपल्याकडे वाहतं. निवडणुकीला अमेरिकेत धावतात. इथे आपल्यासारखेच उभे राहतात. हे जुळवायला लागल्यापासून शब्द पाठ करावा लागत नाही, आपला आपण कळतो.

काल त्याच आजींनी विचारलं, वडील काय करतात? “ही रन्स अ फ्लोअर मिल,” मी म्हटलं. ‘मिल’ ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्या तरुणपणी इथल्या लोकरीच्या गिरणीत मागावर होत्या. या गावात तेव्हा घरोघरी हेच काम. “इज इट स्टिल रनिंग?” चालते ना, म्हटलं, दिवाळीत भाजणीसाठी बायका सकाळी सातलाच डबे लावून उभ्या होत्या. त्यांची गिरणी कधीच बंद पडली आहे. बराच वेळ त्यांनी माझा हात सोडला नाही.

पट्टा चढवताना मोटार आधी बंद करत जा, बाबा. आईला सा. न., धाकट्याला आशीर्वाद.

तुमची लेक