आई-बाबा, रात्रपाळी मी घेतली आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई रडते, बाबा फोन दादाकडे देतात आणि माझं बोलणं तोंडातच राहतं. म्हणून लिहिते आहे. दादा, सगळं वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

परभणीच्या कॉलेजला मी नाही म्हणून कळवलं. इथं पेट स्कॅनच्या आधी सुईतून देतात ते औषध बनवणाऱ्या विभागातली कायमची रात्रपाळी घेतली. सही सोमवारीच झाली. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण तुम्ही नको म्हणाला असतात, आणि तुमचा शब्द मोडून जाणं मला जमलं नसतं. याबद्दल जे बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन.

मामीच्या स्कॅनच्या वेळचं आठवतं ना? रात्रभर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसून आलो, मामी आदल्या रात्रीपासून उपाशी, आणि अकरा वाजता खिडकीवरून सांगितलं, "आज औषध आलं नाही, परवा या." मामा केवढे ओरडले होते. मलाही वाटलं होतं, एवढा मोठा दवाखाना, औषध आदल्या दिवशी आणून ठेवायला यांना काय होतं? आता तेच औषध मी करते. ते आणून ठेवताच येत नाही. त्यात फ्लोरिन-१८ नावाचा किरण सोडणारा पदार्थ असतो, तो दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. पहाटे पाचला शंभर भाग असेल तर आठ चाळीसला पंचवीसच उरतं. बाबा, दूध निदान बर्फात टिकतं, याला बर्फसुद्धा लागू पडत नाही. म्हणून ज्या दिवशी पेशंट, त्याच दिवशीच्या पहाटे ते करावं लागतं, आणि त्यासाठी कुणालातरी रात्री जागावं लागतं.

करतो कसं, तेही सांगते, म्हणजे मनात भलतंसलतं येणार नाही. ऑक्सिजन-१८ असलेलं खास पाणी असतं, फार महाग, एका वेळी दोन-तीन चमचेसुद्धा नाही. सायक्लोट्रॉन नावाचं यंत्र त्यावर प्रोटॉनचा, म्हणजे अणूतल्या बारीक कणांचा, मारा करतं आणि त्यातून फ्लोरिन-१८ तयार होतं. बारीक नळीतून ते शिशाच्या जाड भिंतींच्या कपाटात जातं. तिथं एका छोट्या नळकांड्यात फ्लोरिन अडकतं, पाणी पुढं निघून जातं. मग ते साखरेसारख्या रेणूला जोडायचं. खरं काम त्यापुढचं, शुद्ध करण्याचं. जोडणीसाठी वापरलेली रसायनं, न जोडलेलं फ्लोरिन, सगळं एकामागून एक गाळण्यांत मागं ठेवायचं, आणि शेवटी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचं, त्यातून जिवाणू जात नाहीत. गेल्या महिन्यात त्या फिल्टरचीच चाचणी नापास झाली. पहाटेचे चार वाजले होते. सगळी बॅच सोडून द्यावी लागली. त्या सकाळी कुणाकुणाची मामी उपाशी बसली असेल, याच विचारात मी घरी आले. रात्रीला माणसं कमी आहेत हे तेव्हाच कळलं होतं. माझा निर्णय तिथंच झाला.

आई, तुझी भीती मला कळते. लग्नाचं, लेकराबाळांचं तू बोलत नाहीस, पण तेच तुझ्या मनात असतं. मी त्या औषधाला हात लावत नाही, सगळं कपाटाच्या आत यंत्र करतं. छातीवर किरण मोजणारा बॅज असतो, बोटात अंगठीसारखा दुसरा. दर तीन महिन्यांनी ते तपासून अंगाला किती लागलं याचा आकडा येतो. मिलिसिव्हर्ट हे त्या किरणांचं माप, वर्षाला सरासरी २० ची मर्यादा आहे आणि माझा आकडा तिच्या कितीतरी खाली आहे. पुढं दिवस गेले तर कळवायचं, की काम बदलून मिळतं, तसा नियमच आहे. आणि हे काम नवं नाही, देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन परळला २००२ साली सुरू झालं.

खोली चांगली आहे. पाणी चोवीस तास येतं, आपल्यासारखी टँकरची वाट बघावी लागत नाही. न्यायला-सोडायला गाडी येते. खालच्या मावशी नांदेडच्या आहेत, ज्वारीची भाकरी देतात, पातळ नसते. तू दिलेला येसर अजून अर्धा डबा आहे. दिवसा झोप लागावी म्हणून जाड पडदे घेतलेत.

बाबा, पहाटे गाडीत पेट्या चढवताना मला डेअरीच आठवते. सायकलच्या नळीवर मी, मागं दोन कॅन, तुमची घोंगडी माझ्या डोक्यावरून. लॅक्टोमीटर मला धरू द्यायचात. वास आलेलं दूध तुम्ही कधी खपवलं नाही. इथं चाचणीच्या कागदावर सही करताना तुम्ही शेजारी उभे आहात असंच वाटतं.

आता स्कॅनचं. केमोचे सहा डोस तुम्ही सोसलेत, हे तर एका सकाळचं काम आहे. संभाजीनगरला दादा सोबत येईल. मी येऊ शकत नाही, ते मनाला लागलंय. पण नीट ऐका. आदल्या दिवशी म्हशीची धार काढायची नाही, कडबा उचलायचा नाही. दमलेले स्नायू हे साखरेसारखं औषध ओढून घेतात आणि चित्रात दंडच उजळतात. सहा तास आधी काही खायचं नाही, चहा नाही, तंबाखू तर मुळीच नाही. साधं पाणी भरपूर प्या. शुगरच्या आजाराच्या गोळीचं डॉक्टरांना आधी विचारा, आपल्या मनानं चुकवू नका. सुई दिल्यावर तासभर पडून राहायचं आणि बोलायचं नाही. शेजारचा सेलूचा निघाला तरी नाही! तुमची गाठ मानेत होती, बोललात की गळ्याचे स्नायू उजळतात. आई, शाल बरोबर दे, तिथं फार गार असतं. घरी आल्यावर त्या दिवशी छोटूला मांडीवर घेऊ नका, दुसऱ्या दिवशी घ्या.

तुमची सुई आमच्याकडचीच असेल असं नाही. जिथून येईल तिथं कुणीतरी तुमच्यासाठी रात्रभर जागलेलं असेल.

त्या सकाळी ड्यूटी संपली तरी मी झोपणार नाही. दादा, सुई दिल्याची वेळ मला कळव. बाबांनी बाहेर आल्यावर आधी खावं, मग फोन करावा.

तुमची,
मनी